बारा वाजताचा पाला

९ फेब्रुवारी १९४४, मार्गासनी

पोचलो. नसरापूरपर्यंत मोटर, पुढे बैलगाडी. हाडन् हाड वेगळं झालं.

कारखान्याने मला, पहिल्या वर्गात बी. एस्सी. झालेल्या माणसाला, इथे अडुळशाचा पाला वाळवायला पाठवलं आहे. लढाईमुळे विलायतेहून खोकल्याचं औषध येईना, तेव्हा कुठे आमच्या साहेबांना कुंपणावरचा अडुळसा आठवला. आता तो इकडे गोळा करायचा, वाळवायचा, पोती भरून पुण्याला धाडायचा. कोणत्या तऱ्हेने वाळवला तर सत्त्व जास्त टिकतं, हे मी ठरवायचं. चार महिन्यांत उत्तर द्या म्हणाले. मला चार आठवडेही नकोत. वाळवणं म्हणजे पानातलं पाणी काढणं. लवकर काढा, काम झालं.

मानसिंग पाटलांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली आहे. अंगण ऐसपैस आहे, उत्तरेला पडवी. पाटलांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पाला वाळवाया येवडं शिकावं लागतं व्हय?"

गाढवाला गुळाची चव काय.

११ फेब्रुवारी

धाकट्या बहिणीचं, नलूचं कार्ड. भोरला आईचा दमा पुन्हा उचललेला. आई माजघरात दोरीवर अडुळशाच्या जुड्या टांगते आणि रोज सकाळी त्यातली पानं उकळून घेते. वर्षानुवर्षं तेच. जुड्यांवर कोळिष्टकं असतात, चुलीचा सगळा धूर माजघरात फिरतो, आणि आमच्या मातोश्री ते औषध म्हणून पितात! नलूला लिहिलं की थोडा धीर धर. इथला शास्त्रशुद्ध वाळवलेला पाला धाडतो, मग त्या जुड्या उचलून फेकून दे.

१२ फेब्रुवारी

पाटलांनी वाळवणाच्या कामाला एक बाई लावून दिली. बनाबाई. पन्नाशीची, काटकुळी, कपाळ पांढरं. मागेपुढे कोणी नाही, लोकांची वाळवणं करून पोट भरते, कुणाची मिरची, कुणाच्या शेवया. म्हणजे आमच्या संशोधनाला ही मदतनीस!

आल्या आल्या मलाच शिकवायला लागली. "सायेब, औशद उनाला दावायचं. खाया घालायचं न्हाई."

मी म्हटलं, "ऊन काय बकरी आहे?"

हसली नाही. विनोद कळायलासुद्धा थोडी अक्कल लागते.

तिला सरळ शब्दांत समजावलं. दोन ढीग करायचे. पहिला उन्हाचा. तो अंगणात पत्र्यांवर. दुसरा सावलीचा. तो मागच्या कोठीत. दोन्हींत पानं सारखी, वजन सारखं. ती "व्हय" म्हणाली. हिला "व्हय" एवढंच येतं, पण निदान ते वेळेवर येतं.

१४ फेब्रुवारी

पत्रे आले. लढाईच्या दिवसांत आठ पत्रे मिळवायचे म्हणजे कारखान्याने केवढी खटपट केली असेल! इथे त्याची कोणाला किंमत? सोनबाने, म्हणजे बायकांनी तोडलेला पाला डोक्यावरून आणून टाकतो तो गडी, पत्र्यावर बसून तंबाखू मळली.

बनाबाईने पत्र्यांवर गोणपाटं अंथरली आणि त्यावर पाला पसरला. कशाला, तर "पत्रा तापतो, पानं करपत्याल." मी चालवून घेतलं. वाऱ्याने पाला घसरायचा नाही, एवढा तरी उपयोग.

सावलीचा ढीग कोठीत रचून कुलूप घातलं. किल्ली जानव्याला बांधली. या लोकांचा भरवसा नाही. उन्हात जरा कमी दिसलं की कोठीतलं आणून टाकतील आणि सगळा प्रयोग मातीत. बनाबाई म्हणाली, "त्याला वारं न्हाई लागायचं."

"वारा लागला तर धूळ लागेल," मी म्हटलं.

"सावली म्हंजी पेटी न्हवं, सायेब."

बाईला बोलायची फार हौस.

१५ फेब्रुवारी

ऊन कडक. आकाशात ढगाचं नाव नाही. निसर्ग तरी शहाणा आहे.

२० फेब्रुवारी

दिनक्रम बसला. सकाळी सातला पाला अंगणात. मी जातीने उभा राहतो. मग दहा-साडेदहापर्यंत वहीचं काम, आंघोळ, जेवण. बारा ते साडेतीन वामकुक्षी. डोकं चालवणाऱ्या माणसाला ती लागतेच. बैलाला नसेल लागत. चारला पुन्हा पाहणी.

चारला जावं तर पाला पडवीत आलेला! दव पडेल म्हणून आधीच आत घेतला असणार. दव कुठे, चार वाजता कुठे! पण एवढ्यासाठी कोण तोंड वाजवणार. वहीत नोंद केली: ऊन सात ते चार, रोज नऊ तास.

हात लावून पाहिला तर पाला गार. आणि हिरवा. नऊ तास ऊन खाऊन हिरवाच्या हिरवा! जे लोक उन्हाला भितात त्यांना हे दाखवायला हवं.

एक कळत नाही. सारवलेल्या अंगणात रोज दुपारनंतर काहीतरी ओढत नेल्यासारख्या रेघा दिसतात. पाटलांचं वासरू असेल. सोनबाला झापलं. तो नुसता बघत राहिला.

२३ फेब्रुवारी

कोठी उघडली. आतून दमट, कुबट वास आला. पानं मऊ, काळपट, काही एकमेकांना चिकटलेली. हीच ना तुमची सावली? पूर्वजांनी हेच केलं म्हणून आम्ही हेच करणार. पिढ्यान्पिढ्या लोक कुजका पाला पीत आले आणि त्याला अनुभव म्हणत आले.

बनाबाईने दारातून पाहिलं. एक पान उचललं, हुंगलं, खाली टाकलं. बोलणार काय?

२६ फेब्रुवारी

दोन्ही ढिगांचे नमुने पुण्याला धाडले. चिठ्ठीत निकाल काय येणार तेही लिहिलं. साहेबांना उद्धटपणा वाटेल. वाटू दे.

८ मार्च

आला! प्रयोगशाळेचा निकाल आला.

उन्हाचा पाला: व्हॅसिसिन, म्हणजे अडुळशाचं सत्त्व, शंभराला दीड. सावलीचा पाला: त्याच्या अर्ध्यालाही पोचत नाही, शिवाय बुरशीचा वास. साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, की आजवर कारखान्यात आलेल्या पाल्यात इतका सरस पाला पाहिला नाही. आता जवळच्या गुंजवणे गावीही पत्रे मांडायचे. आणि माझी पद्धत पत्रकावर छापून सगळ्या पाला गोळा करणाऱ्यांना वाटायची. खाली माझं नाव.

पाटलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "मग चांगलंच झालं की." एवढंच. यांच्याकडे कौतुकाचासुद्धा दुष्काळ.

बनाबाईलाही सांगितलं. "बघ बाई, ऊनच जिंकलं." तिने माझ्याकडे जरा गोंधळून पाहिलं. म्हणाली, "व्हय की. त्यो पाला चांगलाच झाल्ता."

आज दुपारी झोप फार छान लागली.

१० मार्च, होळी

बनाबाईला काढून टाकलं. कारण उघड आहे. जे काम ऊन करतं त्याला बाई कशाला हवी? पाला पसरायचा आणि तिन्हीसांजेला गोळा करायचा, एवढं सोनबा करील. गोणपाटंही बंद. तापलेल्या पत्र्यावर पाला थेट टाकला तर तीन दिवसांचं काम एका दिवसात होईल. हे इतके दिवस कसं सुचलं नाही याचंच नवल.

तिला सांगितलं तेव्हा ती पडवीत गोणपाटं झटकत होती. झटकून, घडी घालून, खुंटीवर टाकली. मग विचारलं, "माजं काय चुकलं का?"

"चुकलं काही नाही. तुझी गरज नाही."

"दुसऱ्या कुनाला सांगून ठीवलंय का, दुपारचं?"

दुपारचं काय सांगायचं? जेवणाचं विचारत असेल. म्हटलं, सोनबा आहे. ती गेली. होळीच्या दिवशी काढायला नको होतं असं पाटलीणबाई आतून पुटपुटल्या. संशोधनात सण आणला की झालंच.

१३ मार्च

वीस पत्रे. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. खोलीच्या दारावर हुकूम लिहून लावला, वाचता येणारा एक माणूस नाही तरी: सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत पाला पत्र्यावरून हलवू नये.

सोनबाला तोंडी समजावला. ऐकून घेतल्यावर म्हणतो, "आन बारा वाजता काय करायचं?"

"बारा वाजता भाकरी खायची!"

"न्हाई, पाल्याचं."

"पाल्याचं काही नाही. पाला जेवत नाही."

मान हलवत गेला. देवाने माणसं घडवताना काही ठिकाणी माती पुरलेली नसते.

१६ मार्च

एका दिवसात वाळला. म्हटलं होतं! मुठीत धरला की चुरा होतो. रंग पिवळट तपकिरी झाला आहे, पण रंग काय चाटायचा आहे? पाणी निघालं, हे महत्त्वाचं. गुंजवण्यालाही हीच तऱ्हा. आठवड्यात दहा पोती.

भोरला आईसाठी डबा भरून धाडला. नलूला बजावलं: जुन्या जुड्या आजच्या आज फेक, हाच पाला रोज दोन चमचे, आणि आईला सांग की हा तिच्या मुलाच्या पद्धतीने वाळवलेला आहे.

२५ मार्च, पाडवा

नलूचं कार्ड आलं. "डबा पोचला. आईला आता पुष्कळ बरं आहे. परवा देवळापर्यंत चालत गेली."

वाचून डोळ्यांत पाणी आलं. उगीच नाकारत नाही. मी लहान असताना आई दम्याने उशाला टेकून बसलेली असायची आणि मी तिची पाठ चोळायचो. तेव्हाच ठरवलं होतं की मोठेपणी हिला औषध मी देईन. दिलं. बाकी जगाने मला ओळखो न ओळखो.

पाटलांकडे पुरणपोळी. दोन खाल्ल्या.

२ एप्रिल

पुण्याचं पत्र.

मार्चचा सगळा पाला नापास. व्हॅसिसिन शंभराला पाव. "पाल्यात दुसऱ्या झाडाची पानं मिसळलेली असावीत, चौकशी करावी. तोपर्यंत पत्रकाची छपाई थांबवली आहे."

सगळी पोती परत येणार. पोती नुसती नाहीत, त्यांवर माझ्या नावाची चिठ्ठी आहे.

प्रयोगशाळेत तो नवा रसायनज्ञ आलेला आहे, ज्याला परीक्षानळी कुठल्या टोकाने धरायची ते दाखवावं लागतं. पण भेसळीची गोष्ट नाकारता येत नाही. या बायकांना काय, टोपली भरल्याशी मतलब.

३ एप्रिल

पाला तोडणाऱ्या बायकांना अंगणात उभं केलं. एकेकीची टोपली उलटी केली. सगळा अडुळसा. दुसरं पान नाही. चोर सापडला नाही म्हणजे चोरी झाली नाही असं नसतं, हे मी त्यांना सुनावलं. फुलाबाई म्हणून एक तोंडाळ बाई आहे. ती म्हणाली, "आमच्या टोपलीत पान हिरवं हाय. तुमच्या पत्र्यावर जाऊन मरतंय. आमाला काय इचारता?"

आणि टोपली घेऊन गेली. तिच्यामागोमाग सगळ्या गेल्या. उद्यापासून पाला आणणार नाहीत म्हणे.

पाटील दारात सुपारी कातरत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अती शाना त्येचा बैल रिकामा."

यांच्या घरात राहतो म्हणून ऐकून घेतलं.

४ एप्रिल

पुण्याला सडेतोड उत्तर लिहिलं. माझ्या पद्धतीत दोष नाही. त्याच पत्र्यावरचा, त्याच आठवड्यातला पाला माझी आई घेते आहे आणि ती, जिला अंगण ओलांडवत नव्हतं, देवळापर्यंत चालत जाते. तुमची काचेची नळी खरी की माझ्या आईचा श्वास खरा? एकतर रसायनज्ञ बदला, नाहीतर माझा राजीनामा घ्या. तारीखवार पुरावा आठ दिवसांत देतो.

सोनबाच्या हाती लगेच टपालात टाकलं. उद्यावर ठेवलं असतं तर मऊ केलं असतं.

नलूलाही लिहिलं: डबा उघडला त्या दिवसापासून आईला कोणत्या तारखेला किती फरक पडला ते लिहून पाठव. पुण्याला आईच्या नावाने पुरावा द्यायचा आहे, माझी नोकरी त्यावर आहे.

७ एप्रिल

ठरवलं होतं की चोराला पकडायचंच. शेवटचा थोडा पाला उरला आहे, तो पत्र्यावर टाकला आणि दुपारी झोपलो नाही. खोलीच्या दाराआड बसलो. आल्यापासून पहिल्यांदा इथली दुपार पाहिली.

कोणी आलं नाही. कुत्रंसुद्धा सावली सोडून आलं नाही. बारा वाजता सोनबा येऊन पत्र्यांपाशी उभा राहिला. एकदा पाल्याकडे बघितलं, एकदा माझ्या दाराकडे, एकदा दारावरच्या हुकमाकडे. मग निघून गेला.

एक वाजता जाऊन पत्र्याला हात लावला. दोन बोटं भाजली. पानांच्या कडा माझ्या डोळ्यांदेखत वळत होत्या. वास येत होता, अडुळशाचा नव्हे, करपल्या गवताचा.

पहिल्या वेळी असं का झालं नाही? तेच ऊन, तेच पत्रे, नऊ तास. नोंद माझ्याच हातची आहे. बनाबाई असताना पाला हिरवा राहायचा. म्हणजे तिनेच काहीतरी मिसळलं. ताजी पानं आणून टाकत असणार, माल चांगला दिसावा म्हणून.

उद्या तिच्याकडे जाऊन कबूल करून घेतो.

८ एप्रिल

जसं झालं तसं लिहितो. खाडाखोड करणार नाही.

ओढ्याच्या वरच्या अंगाला तिचं खोपट आहे. गेलो तेव्हा वळचणीखाली अडुळसा पसरून बसली होती, सावलीत, वाऱ्यावर. पाला हिरवा. मी उभ्या उभ्याच विचारलं, "पहिल्या ढिगात काय मिसळत होतीस?"

"मिसळाया काय हाय? पाला त्यो पाला."

"मग तो हिरवा कसा राहायचा? नऊ तास उन्हात?"

"नऊ तास?" तिने बोटं मोजली नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं. "बारा वाजलं की आत घ्यायचे न्हवं का."

"कुठे आत?"

"पडवीत. वाऱ्याला. गोनपाट वडत न्यायचे."

"रोज?"

"रोज. पैल्या दिसापासनं. उनाचा पाला म्हंजी सकाळच्या उनाचा. दुपारच्या उनात औशद कोन ठेवतंय? समदं ऊनच खाऊन टाकंल."

अंगणातल्या रेघा. गार पाला. सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

यावर तिला खरोखरच नवल वाटलं. नाटक नव्हतं ते. म्हणाली, "सांगायचं काय त्यात? भाकर उलटायची असती हे कुनी सांगतं का? म्या म्हनलं तुमाला ठावं हाय, म्हून तर निवांत निजता. आन निजल्या मानसाला उटवून, पाला आत घिऊ का, असं इचारायचं व्हय?"

मी खाली बसलो. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. घेतला. आयुष्यात पहिल्यांदा असं कोणाच्या खोपटात पाणी प्यालो आणि ते लक्षातसुद्धा आलं नाही.

तिने लपवलं नाही, फसवलं नाही. मी ज्याला "उन्हाची पद्धत" म्हणून पुण्याला कळवलं, ज्याखाली माझं नाव छापणार होते, ती तिची रोजची रीत होती. मी ज्याला "सावली" म्हटलं ती कुलूप लावलेली पेटी होती, हेही तिने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. आणि ज्या बाईमुळे मला शाबासकी मिळाली तिलाच मी होळीच्या दिवशी घरी बसवलं. महिनाभर तिला काम नाही. शेवयांचे दिवस असून पाटलीणबाईंनीसुद्धा बोलावलं नाही. साहेबाने काढलेली बाई, काहीतरी केलंच असेल असं गाव म्हणतं.

सोनबासुद्धा विचारत होता. बारा वाजता काय करायचं? आख्ख्या गावात मला एकट्यालाच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "परत ये."

तिने पसरलेली पानं उलटली. मग म्हणाली, "येते. पन फुलाबाईला, बाकीच्यास्नी, तुमी जाऊन सांगायचं, चोर न्हाई म्हून. आन एकल्या बाईनं गोनपाट वडून पाला सांडतो. वीस पत्र्यांचा माल हाय. एक टोक तुमी धरायचं."

१० एप्रिल

फुलाबाईकडे गेलो. सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं. पण आज टोपल्या आल्या.

दारावरचा हुकूम काढला. सोनबा बघत होता. हसला असता तर बरं झालं असतं.

११ एप्रिल

एक गोष्ट मात्र उरते. करपलेल्या पाल्यात सत्त्व नाही हे मान्य. पण मग आईला बरं कसं वाटलं? ती देवळापर्यंत कशी गेली? म्हणजे त्यातही काहीतरी टिकलं असलंच पाहिजे. पुण्याला लिहिलेलं अगदीच खोटं ठरणार नाही. नलूच्या तारखा येऊ देत. तेवढ्याने माझी मान वर राहील.

१४ एप्रिल

नलूचं पत्र. कार्ड नव्हे, पाकीट. उतरवून ठेवतो.

"ती. दादास. तू पुण्याला आईचं नाव देणार म्हणतोस म्हणून आता लपवत नाही. आईने तुझा पाला एकदाही घेतला नाही. डबा उघडून वास घेतला आणि म्हणाली, याचा जीव गेलाय. जुन्या जुड्या मी फेकल्या नव्हत्या. त्याच उकळते. तुझा पाला कीड लागू नये म्हणून तुरीच्या डाळीत घातला. डाळीला कीड लागली. हे तुला कळवायचं नाही असं आईने बजावलं होतं. म्हणाली, परक्या गावात एकटा राहतो, मनाला लावून घेईल."

पुण्याचं दुसरं पत्र लिहून ठेवलं आहे. पद्धतीखालचं माझं नाव काढून बनाबाईचं घातलं. राजीनामा तसाच ठेवला, घ्यायचा तर घेतील.

बारा वाजत आले. बनाबाई पत्र्यांपाशी येऊन उभी आहे. माझं दार लोटलेलं आहे, त्यामुळे हाक मारत नाही. वही मिटतो. एक टोक धरायचं आहे.